टाचेच्या दुखण्यावर बीपीसी-१५७ घ्यावं का? फ्रिजमध्ये दोन कुप्या पडून आहेत

पहाटधाव | ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ६:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

वय ४३, पुण्यात कोथरूडला राहतो, सहा वर्षांपासून पळतो. जूनमध्ये सिंहगडाचा घाट पळताना उजव्या टाचेमागे चमक भरली, ती अजून गेलेली नाही. सकाळी उठल्यावर पहिली वीस मिनिटं भिंतीला धरून चालतो. सोनोग्राफीत अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारी दोरी, जाड झालेलं दिसलं, फाटलेलं नाही. दीड महिना फिजिओकडे शेक घेतला. थोडं बरं वाटलं की पळायला जायचो, की पुन्हा तेच. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन आहे, नाव नोंदवून बसलोय.

आमच्या जिममधला ट्रेनर मुलगा चांगला आहे, मनापासून शिकवतो. त्याने बीपीसी-१५७ नावाचं पेप्टाइड सुचवलं. म्हणाला, "सर, हे स्टेरॉइड नाही. आपल्या पोटातच तयार होतं, नॅचरल आहे. रोज पोटाच्या कातडीखाली एक टोचायचं, महिन्यात टाच मोकळी." दोन कुप्या आणून दिल्या, साडेनऊ हजार घेतले. तळाला पांढऱ्या पावडरीची चकती, वर निळं झाकण, आणि लेबलवर इंग्रजीत लिहिलंय की हे फक्त संशोधनासाठी, माणसांच्या वापरासाठी नाही. तो म्हणतो, तसं कायद्यापुरतं लिहितात.

दहा दिवस कुप्या फ्रिजमध्ये विरजणाच्या पातेल्यामागे आहेत. परवा बायकोने लेबल वाचलं आणि विचारलं, "माणसांसाठी नाही, तर मग कुणासाठी?" मला उत्तर देता आलं नाही. कुणी घेतलंय का हे? डॉक्टर, केमिस्ट कुणी असतील तर खरं काय ते सांगा.

झुळूक | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

वाचते आहे. भाचा बंगळुरूला असतो, तोही असंच काहीतरी टोचून घेतो. घरी कुणाला माहीत नाही, फक्त मला सांगितलंय.

ट्रेकवाला | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

मी घेतलंय, म्हणून लिहितो. गेल्या डिसेंबरात क्लाइंबिंग करताना खांदा दुखावला, हात डोक्यावर जाईना. सहा आठवडे बीपीसी आणि जोडीला टीबी-५०० नावाचं दुसरं पेप्टाइड घेतलं. खांदा पूर्ण बरा झाला, फेब्रुवारीअखेर तैलबैला चढलो. त्रास म्हणाल तर टोचल्या जागी थोडी लाली, बाकी काही नाही. डॉक्टर मंडळी "पुरावा नाही" म्हणतात ते मला कळतं, पण ज्याचं दुखतं त्याला दहा वर्षं संशोधनाची वाट बघता येत नाही.

ओपीडी_दुपारची | ४ नोव्हेंबर, दुपारी २:३०

ट्रेकवाला, त्या सहा आठवड्यांत क्लाइंबिंग चालू होतं का? आणि खांद्याचे व्यायाम? धागाकर्त्यांना सविस्तर उद्या लिहितो, ओपीडी भरली आहे.

ट्रेकवाला | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

क्लाइंबिंग पूर्ण बंद होतं. रबर बँडचे व्यायाम फिजिओने दिले होते, ते रोज करायचो. तुमचा रोख कळला डॉक्टर.

रेणूसूत्र | ४ नोव्हेंबर, रात्री १०:३०

मी मूळची लातूरची, चौदा वर्षं हैदराबादेत पेप्टाइडं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. औषध म्हणून घ्यावं का ते डॉक्टर सांगतील. त्या कुपीत काय असू शकतं ते मी सांगते.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी कुठले आणि कुठल्या क्रमाने ओवले, यावर त्या माळेचं काम ठरतं. बाळंतपणात देतात ते ऑक्सिटोसिन ९ मण्यांचं. ठिसूळ हाडांसाठीचं टेरिपॅराटाइड ३४ मण्यांचं. मधुमेह आणि वजनावरचं सेमाग्लुटाइड ३१ मण्यांचं, इन्सुलिन ५१ मण्यांचं. तुमचं बीपीसी १५ मण्यांचं. यातल्या एकाचा गुण दुसऱ्याला लागत नाही. त्यामुळे "पेप्टाइड चांगलं की वाईट" हा प्रश्न "गोळी चांगली की वाईट" असं विचारण्यासारखा आहे.

आता बनवायचं कसं. १९६३ मध्ये ब्रूस मेरिफिल्ड यांनी पद्धत शोधली, त्यांना त्यासाठी १९८४ चं नोबेल मिळालं. रेझिनच्या बारीक कणांना पहिलं अमिनो आम्ल चिकटवायचं, धुवायचं, दुसरं जोडायचं, धुवायचं, असं टोकापर्यंत. प्रत्येक जोड ९९ टक्के साधली असं धरा, म्हणजे उत्तम काम झालं. तरी १५ मण्यांना १४ जोड लागतात, आणि ०.९९ चौदा वेळा गुणलं की ०.८७ येतं. उरलेले तेरा टक्के काय असतात? बहुतेक एखादा मणी गळलेल्या माळा. दिसायला, वजनाला जवळजवळ सारख्याच, म्हणून वेगळ्या काढायला अतिशय कठीण. आमच्याकडे जोडण्यापेक्षा साफ करण्यात जास्त वेळ आणि पैसा जातो.

विक्रेते जो "९९ टक्के शुद्ध" असा कागद दाखवतात तो खरा असला तरी एवढंच सांगतो की यंत्रातून सोडलेल्या त्या नमुन्यात इतर पेप्टाइडं किती दिसली. कुपीत ५ मिलिग्रॅम आहे की २, ते तो सांगत नाही. पावडर निर्जंतुक आहे का, ते सांगत नाही. आणि ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ते एंडोटॉक्सिन, म्हणजे मेलेल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे, त्याबद्दलही त्यात शब्द नसतो. जिवाणू गाळून काढले तरी हे तुकडे मागे राहतात, उकळूनही जात नाहीत, आणि रक्तात गेले तर हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब कोसळतो. ते तपासायला आजही अनेक ठिकाणी हॉर्सशू क्रॅब या समुद्री प्राण्याच्या रक्तापासून केलेली चाचणी वापरतात. टोचायच्या औषधाच्या प्रत्येक बॅचला अशी चाचणी असते. "संशोधनासाठी" म्हणून विकलेल्या पावडरीला ती करायची सक्ती नाही, कारण ती पावडर काचेच्या बशीतल्या पेशींवर टाकायची असते.

तोंडाने घेतलेल्या वस्तूला जठर आणि यकृत निदान अडवतात. सुईने घेतलेल्या वस्तूच्या वाटेत ते पहारेकरी नाहीत.

पहाटधाव, कुपीवर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक आहे का बघा. आपल्याकडे औषधाच्या लेबलवर ते असावंच लागतं.

पहाटधाव | ५ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

ताई, रात्रीच बघितलं. नाव नाही, पत्ता नाही, परवाना नाही. नुसता बॅच क्रमांक आणि एक क्यूआर कोड. तो स्कॅन केला तर शुद्धतेचा कागद उघडतो, त्यावर २०२३ ची तारीख आणि वेगळाच बॅच क्रमांक. दोन्ही कुप्यांना तोच कागद.

ओपीडी_दुपारची | ५ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

मी सांगलीत हाडांचा डॉक्टर आहे. आठवड्याला एक तरी तरुण हा प्रश्न घेऊन येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

बीपीसी-१५७ वरचं बहुतेक काम क्रोएशियात, झाग्रेबमधल्या प्रेड्राग सिकिरिच यांच्या गटातून आलं आहे. त्यांनी उंदरांचं अकिलीस टेंडन कापलं, काहींना बीपीसी दिलं, आणि दिलेल्या उंदरांचं टेंडन लवकर जुळलं. हे निष्कर्ष मी थट्टेवारी नेत नाही, प्राण्यांमधले निकाल खरंच लक्ष वेधणारे आहेत. पण पहाटधाव, तुमचं टेंडन कुणी ब्लेडने कापलेलं नाही. धडधाकट उंदराचं टेंडन कापल्यावर जखम भरण्याची यंत्रणा लगेच धावून येते. तुमचं टेंडन वर्षानुवर्षं जादा भार सोसून आतून विस्कटलेलं आहे, त्यातल्या तंतूंची वीण बिघडली आहे. हे दोन वेगळे आजार आहेत, आणि एकावरचं औषध दुसऱ्यावर चालेल असं गृहीत धरता येत नाही.

माणसांवरचे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गुडघ्यात टोचलेल्या डझनभर रुग्णांच्या नोंदी, असल्या आकाराचे, आणि ज्यांना टोचलं नाही अशांचा तुलनेचा गट नसलेले. अमेरिकेची औषधांना परवानगी देणारी संस्था एफडीए, तिने २०२३ मध्ये बीपीसी-१५७ सुरक्षिततेची शंका असलेल्या पदार्थांच्या यादीत टाकलं. वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०२२ पासून खेळाडूंना त्याची बंदी केली.

आता एक मुद्दा, जो जिममध्ये उलटा सांगतात. हे पेप्टाइड नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतं, म्हणून दुखापत भरते, असं म्हणतात. पण जुनाट दुखणाऱ्या अकिलीसवर डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावला तर तिथे नव्या रक्तवाहिन्या आधीच फुटलेल्या दिसतात, त्यांच्यासोबत बारीक नसा आलेल्या असतात, आणि दुखण्याचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. म्हणजे तुमच्या टाचेला आणखी रक्तवाहिन्या हव्यात की नकोत, हेच स्पष्ट नाही. शिवाय शरीरात कुठे न कळलेली गाठ असेल तर तिलाही वाढायला रक्तवाहिन्याच लागतात. बीपीसीने माणसात कर्करोग होतो असं कुणी दाखवलेलं नाही. होत नाही असंही दाखवलेलं नाही, कारण तेवढी वर्षं कुणी माणसांवर लक्षच ठेवलेलं नाही.

"शरीरातच बनतं म्हणून सुरक्षित" हेही तपासून बघा. आपल्या आतड्यात बनणारं, भूक आणि साखर आवरणारं जीएलपी-१ हे संप्रेरक रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं. त्याचं औषध करायचं म्हणून त्यात मुद्दाम बदल करावे लागले, तेव्हा कुठे आठवडाभर टिकणारं सेमाग्लुटाइड झालं. त्या घराण्यातलं पहिलं औषध, २००५ मध्ये मंजूर झालेलं एक्सेनाटाइड, तर गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या पेप्टाइडवरून आलं. नैसर्गिक असण्यामुळे ती औषधं झाली नाहीत, हजारो माणसांवर तपासली म्हणून झाली.

टाचेसाठी काय करावं? १९९८ मध्ये स्वीडनच्या हाकान अल्फ्रेडसन यांनी १५ हौशी धावपटू घेतले, सरासरी वय ४४ च्या आसपास, म्हणजे तुमच्यासारखेच. पायरीच्या कडेवर चवडे ठेवायचे आणि दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ च्या ३ फेऱ्या, वाकवून १५ च्या ३ फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस, १२ आठवडे. पंधराच्या पंधरा जण पुन्हा पळायला लागले. अभ्यास छोटा होता हे खरं, पण त्यानंतर जगभर त्यावर खूप काम झालं आणि टेंडनवर हळूहळू भार वाढवत नेणं हाच आजही मुख्य उपचार आहे. तुम्ही दीड महिना शेक घेतलात, भार दिला नाहीत. फिजिओ बदला, आणि जानेवारीचा हट्ट सोडा.

अश्विनी_क | ५ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मी ठाण्याची, वय ५२, मधुमेह अकरा वर्षांपासून. पेप्टाइड शब्दाला सगळे घाबरताना बघून लिहावंसं वाटलं, कारण मीही पेप्टाइडच घेते आणि मला त्याने आयुष्य परत दिलंय.

मधुमेह आणि वजनावरचं टिर्झेपटाइड भारतात मार्चमध्ये आलं, एप्रिलमध्ये माझ्या डॉक्टरांनी लिहून दिलं. त्याआधी थायरॉइडच्या कर्करोगाचा घरात इतिहास आहे का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे विचारलं, रक्त तपासलं. सगळ्यात लहान डोसपासून सुरुवात. वजन ९४ होतं, आज ८१ आहे. साखर गेली कित्येक वर्षं नव्हती इतकी ताब्यात आहे. मळमळ होते, बद्धकोष्ठ होतं, ते सोसलं.

पण जुलैमध्ये वेगळंच जाणवलं. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरेना. स्टेशनचा पूल चढताना मांड्या थरथरायला लागल्या. वजनकाट्यावर खूश होते आणि अंगातली ताकद निघून चालली होती. भूकच लागत नाही म्हणून मी दोन वेळा मूठभर वरणभात खाऊन उठत होते. डॉक्टर रागावले. आता दोन अंडी, वाटीभर उसळ, पनीर आधी, भात नंतर. आठवड्यातून तीन दिवस वजनं उचलते, सुरुवात पाण्याच्या बाटल्यांनी केली होती.

आता काळजीचं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जण "रेटाट्रुटाइड, याहून जबरदस्त, निम्म्या किमतीत" म्हणून पावडरीच्या कुप्या विकतोय. तीन बायकांनी घेतल्याही. डॉक्टर, याबद्दल लिहा प्लीज, मला त्यांना दाखवायचंय.

ओपीडी_दुपारची | ६ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

अश्विनीताई, तुमचा प्रतिसाद माझ्या रुग्णांना वाचून दाखवणार आहे. सेमाग्लुटाइडच्या मुख्य चाचणीत १,९६१ माणसं होती. ६८ आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचं २.४ टक्के. पण उतरलेल्या वजनात चरबीसोबत स्नायूही जातात, तुम्हाला झाकणाने जे सांगितलं तेच. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. म्हणून "लग्नाआधी तीन महिने घेते" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

रेटाट्रुटाइड अजून चाचणीतच आहे. २०२३ मध्ये ३३८ माणसांवरचा अभ्यास छापून आला, मोठ्या डोसला ४८ आठवड्यांत २४ टक्के वजन उतरलं, म्हणून त्याचा एवढा बोलबाला. पण मूळ कंपनी ते अजून विकतच नाही. तेव्हा सोसायटीत आलेली कुपी त्या कंपनीची असूच शकत नाही, एवढंच त्या तिघींना सांगा.

फार्मसीकाउंटर | ६ नोव्हेंबर, रात्री ११:००

नाशिकला मेडिकल आहे, बावीस वर्षं काउंटरवर उभा आहे. हल्ली पोरं येतात आणि इन्सुलिनच्या सिरिंज मागतात. घरात शुगर कुणाला, विचारलं की गप्प.

मला भीती हिशेबाची वाटते. कुपीत पावडर असते, पाणी आपण घालायचं. ५ मिलिग्रॅमच्या कुपीत २ मिली पाणी घातलं तर १०० युनिटच्या सिरिंजवर १० रेघांना २५० मायक्रोग्रॅम येतात. १ मिली घातलं तर त्याच १० रेघांना ५००. पोरं हे मोबाइलवरच्या व्हिडिओवरून करतात, आणि व्हिडिओवाला परदेशात असतो. तिकडे १०० युनिटचीच सिरिंज चालते. आपल्याकडे दोन मिळतात. लाल टोपीची ४० युनिटची आणि नारिंगी टोपीची १०० युनिटची. ४० च्या सिरिंजने १० रेघा भरल्या तर पाव मिली आत जातं, १०० च्या सिरिंजने एक दशांश मिली. म्हणजे टोपीचा रंग बघितला नाही तर अडीचपट डोस. त्यात मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमचा घोळ झाला तर विचारायलाच नको.

अमेरिकेत २०२४ मध्ये एफडीएने याच कारणाने इशारा दिला होता. कुपीतून सेमाग्लुटाइड स्वतः ओढून घेणाऱ्यांनी ठरलेल्या डोसच्या ५ ते २० पट टोचून घेतलं, काहींना दवाखान्यात भरती करावं लागलं. ती माणसं अडाणी नव्हती.

अश्विनीताईंच्या सोसायटीतल्या बायकांना आणखी एक सांगा. पुढच्या मार्चमध्ये सेमाग्लुटाइडचं आपल्याकडचं पेटंट संपतंय. आपल्याच कंपन्यांची, परवान्याची, बिलावर मिळणारी इंजेक्शनं येतील. स्वस्तच हवं असेल तर चार महिने कळ काढा आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या.

यारातीर | ७ नोव्हेंबर, सकाळी ५:१५

मी मेलबर्नला २००९ पासून आहे. ट्रेकवाल्यांनी टीबी-५०० लिहिलं ते वाचून राहवलं नाही. ते थायमोसिन बीटा-४ या पेप्टाइडच्या घरातलं, आणि या शहरात ते नाव अजूनही लोक हळू आवाजात घेतात.

इथला एसेंडन हा फुटबॉल क्लब, काळ्या जर्सीवर तिरका लाल पट्टा. आमची सगळी गल्ली त्यांची. २०१२ च्या हंगामात क्लबने खेळाडूंना इंजेक्शनं द्यायचा कार्यक्रम चालवला, दुखापतीतून लवकर उठावं म्हणून. खेळाडूंनी संमतीपत्रावर सह्या केल्या, त्यांना सांगितलं होतं की सगळं नियमात आहे. कुणाला नेमकं काय टोचलं याची धड नोंदही क्लबकडे नव्हती. २०१३ मध्ये प्रकरण बाहेर आलं. क्लबला २० लाख डॉलर दंड, बाद फेरीतून हकालपट्टी. २०१५ मध्ये इथल्या लीगच्या लवादाने खेळाडूंना सोडलं, पण वाडाने अपील केलं आणि जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ३४ आजी-माजी खेळाडूंना थायमोसिन बीटा-४ साठी दोषी धरलं. दोन वर्षांची बंदी. कर्णधार जोब वॉटसन यांना २०१२ चं लीगमधलं सर्वोच्च वैयक्तिक पदक सोडावं लागलं.

शेजारचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याने खोलीतली पोस्टर काढली नाहीत, पण पुढची दोन वर्षं मॅच बघितली नाही. त्याच्या आईने मला विचारलेलं अजून आठवतं, की या पोरांना दहा वर्षांनी काही झालं तर डॉक्टरांना सांगणार काय, काय टोचलं होतं ते? श्रीमंत क्लब, पगारी तज्ज्ञ, सगळं असून उत्तर नव्हतं. पहाटधाव, तुमच्या ट्रेनरचा हेतू चांगला असेल. त्या क्लबमधल्या बऱ्याच लोकांचाही होता.

लालमाती | ७ नोव्हेंबर, रात्री ८:४०

कोल्हापूरला तालमीत पोरं घडवतो. मी शिकलेला कमी, पण हा धागा दोनदा वाचला.

आमच्याकडं आधी मेफेन्टरमाइनचं खूळ आलं. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब पडला तर द्यायचं औषध, पोरं व्यायामाआधी टोचून घ्यायची, की दम लागत नाही. एका पोराचं काळीज रात्रभर धडधडत होतं, त्याच्या उशाशी मी बसून काढलीय रात्र. आता तीच पोरं पेप्टाइड म्हणायला लागलीत. म्हणतात, वस्ताद, हे डोपमध्ये सापडत नाही. गावाकडं बाप म्हैस विकून खुराकाचे पैसे पाठवतो आणि त्यातनं ही कुपी येते. खरं सांगा, सापडतं का नाही? मला पोरांना एका वाक्यात सांगता यायला पाहिजे.

रेणूसूत्र | ७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सापडतं, वस्ताद. प्रत्येक माळेचं वजन ठरलेलं असतं आणि मास स्पेक्ट्रोमीटर तेच मोजतो. आज निसटलं तरी नमुना जपून ठेवतात आणि दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतो. वाढीचं संप्रेरक वाढवणारी सीजेसी-१२९५, इपामोरेलिन ही पेप्टाइडं आणि टीबी-५०० बंदीच्या यादीत नावानिशी आहेत. आणि नाव नसलं तरी, जे औषध कुठल्याच देशाने माणसासाठी मंजूर केलेलं नाही ते आपोआप बंदीतच धरतात.

ओपीडी_दुपारची | ७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

भर घालतो. २०२३ मध्ये नाडाने, म्हणजे भारताच्या उत्तेजकविरोधी संस्थेने, ५,६०६ नमुने तपासले, २१३ दोषी निघाले. यात पोरं किती असतील याचा विचार करून वाईट वाटतं. नाडाचं "नो युवर मेडिसिन" नावाचं ॲप आहे, औषधाचं नाव टाकलं की बंदी आहे का ते सांगतं. तालमीच्या भिंतीवर लावा. मी सांगलीहून एखाद्या रविवारी येतो, पोरांशी बोलतो. व्यक्तिगत निरोप पाठवा.

शुक्रतारा | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

बाळबोध प्रश्न. मी रोज कॉफीत कोलॅजन पावडर घालते, तिच्यावरही पेप्टाइड्स लिहिलंय. तीही बंद करू का?

रेणूसूत्र | ८ नोव्हेंबर, दुपारी १:१०

नाही, घाबरू नका. ते जनावरांच्या कातडी-हाडांतलं किंवा माशातलं प्रथिन तोडून केलेले तुकडे, पोटात जाऊन बहुतेक पचतात. शाकाहारी असाल तर डब्यावरची तपकिरी खूण बघा. त्वचेसाठी, सांध्यांसाठी थोडा उपयोग दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्या पैशात शेंगदाणे आणि हरभरे खूप येतात.

पहाटधाव | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल ट्रेनरला भेटलो. क्यूआरचा कागद दाखवला, तारीख दाखवली. तो गप्प झाला. मग म्हणाला, "सर, मी स्वतः तीन महिने घेतोय. मला ज्याने दिलं त्याने हाच कागद दाखवला होता." पंचवीस वर्षांचा मुलगा आहे. मला त्याचा राग येईना. त्याला हा धागा पाठवलाय, आणि रक्त तपासून घे म्हटलंय, पैसे मी देतो.

मी टोचणार नाही. नव्या फिजिओताईंनी पायरीवरचा व्यायाम सुरू करून दिला. दुखेल, पण दहापैकी पाचच्या आत दुखलं तर चालू ठेवायचं म्हणाल्या. मुंबईचं नाव मागे घेतलं. फॉर्म रद्द करताना डोळ्यांत पाणी आलं हे खरं सांगतो.

कुप्या आणि सिरिंज कुठे टाकू?

फार्मसीकाउंटर | ९ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

घंटागाडीत टाकू नका, कचरा वेगळा करणाऱ्या ताईंच्या हाताला सुई लागते. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात घाला, झाकण चिकटपट्टीने बंद करा, कुप्या न फोडता वेगळ्या पिशवीत. जवळच्या दवाखान्यात नेऊन द्या, त्यांची बायोमेडिकल कचऱ्याची गाडी येते. आधी विचारून जा, बहुतेक घेतात.

ट्रेकवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९:००

माझ्याकडे टीबीची एक आणि बीपीसीची दीड कुपी उरलीय. माझा खांदा बीपीसीने बरा झाला असं मला अजूनही वाटतं, ते लगेच बदलणार नाही. पण आज लेबल काढून बघितलं, परवाना क्रमांक माझ्याही कुपीवर नाही. पहाटधाव, कुठल्या दवाखान्यात देताय ते कळवा, मी कर्वेनगरला असतो.

पहाटधाव | ११ जानेवारी २०२६, सकाळी ८:१५

नऊ आठवडे झाले. सकाळचं आखडणं वीस मिनिटांवरून चार-पाच मिनिटांवर आलंय. पाठीला दप्तर लावून, त्यात पाच किलो तांदूळ घालून टाच सोडतो. आज बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदा पळालो. चांदणी चौकाकडे जाऊन परत, तीन किलोमीटर, मध्ये चालत. संध्याकाळी दुखलं तर लिहीन.

ट्रेनरचे रिपोर्ट आले, यकृताचं एक एन्झाइम थोडं वाढलेलं आहे, कशामुळे ते डॉक्टर बघतायत. त्याने सगळं बंद केलंय. पुढच्या रविवारी मुंबईला आम्ही दोघं जातोय, पेडर रोडच्या चढावर पाणी द्यायला उभे राहू. धाग्यावरचं कुणी पळत असेल तर बिब नंबर कळवा.